नवसाआधीचे रोडगे

१२ जानेवारी, सोमवार

हे डायरी औषधवाल्यानं डॉक्टरले देल्ली, डॉक्टरनं पिहूले, पिहूनं मले. "आजी, तू दिवसभर बोलतच राहते, थोडं लिहित जा." नऊ वर्साची नात, पन अक्कल पहा! मी चौथी शिकली. अक्षर वाकडंतिकडं हाय, पन कोनाले दाखवाचं हाय? डॉक्टर म्हंजे माहा पोरगा. घरी बी मी त्याले डॉक्टरच म्हनतो, मजा वाटते.

आज सकाळी शेंगदाने भाजून राहिली होती, तं अकोल्याहून इहीनबाईचा, डॉक्टरच्या सासूचा फोन. "रविवारी रोडग्याचं जेवन हाय आमच्या वावरात, अकोटच्या रस्त्यावर. मारोतीच्या नवसाचे. सगळे या."

"कायचा नवस जी?"

"अवो, जवाईबापू कायमचे अकोल्याले येऊन राहिले ना! त्याचाच."

शेंगदाने करपले.

डॉक्टर आंघोळीहून आला तसंच धरलं त्याले. म्हने, "मी हो म्हनलं नाई, आई. विचार करतो म्हनलं." इवायानं अकोल्यात तीन मजली दवाखाना बांधला जवायासाठी. लिफ्ट हाय म्हने. यानं विचार करतो म्हनलं अन् त्याईनं नवस फेडाले काढला. देवानं अजून हात बी हलवला नाई, अन् हे त्याले जेवाले बसवून राहिले. असे उतावळे लोक मी उभ्या जन्मात नाई पाह्यले.

पुढं यायले अ.वा. लिहीन. अकोल्यावाले पुरं लिहाले शाई कायले नासवू.

१४ जाने., बुध.

संक्रांत. आज गोड बोला लागते. उद्या लिहितो.

१५ जाने.

आता लिहितो.

अ.वा. चं म्हननं काय, तं अमरावतीत डॉक्टर वाया चालला. वाया! अरे, हा पाच वाजता उठते, गळ्यात दुर्बीन, सायकलवर छत्री तलावाले, पाखरं पाहाले. सातले वापस. पिहूची वेनी तोच घालते, सुनेपेक्षा सरळ. मंग दवाखाना. रविवारी दवाखान्याच्या दाराले पाटी: "आज बंद. डॉक्टर जंगलात." खाली पिहूनं काढलेलं घुबड. तिघंबी पोहऱ्याच्या जंगलात जातात, दशम्या मी करून देतो. कोन्या पेशंटनं आजपर्यंत तोंड वाकडं केलं नाई. वलगावची एक म्हातारी तं येते अन् आधी सांगते बाभळीवर कोनतं पाखरू बसलं, मंग खोकलते. डॉक्टर आधी पाखरू आयकते, मंग छाती.

इवाई काय म्हनतात? "जवाईबापू, पाखरं मोजून दवाखाना चालत नाई." कोन म्हनते पहा! ह्या मानसानं पानठेल्यापर्यंत पाय नाई उचलला कधी, पानठेल्यावाला गाडीच्या काचेपाशी येते. झाड म्हंजे काय, तं गाडी सावलीत लावाची जागा.

माह्यासाठी लिहून ठेवतो, हा गेला तं मी जाईन कुठी? त्याईच्या लिफ्टमंधी? पिहूची शाळा, माहं अंगन, रविवार... सगळंच.

वैशाली, माही सून, त्याईचीच पोरगी. तिकडून फोन आला की आतल्या खोलीत जाते. आज बी बाहेर येऊन स्वेटरं उन्हात घातले, बस.

१८ जाने., रवि.

आताच आलो अकोल्याहून. हातपाय बी धुतले नाई, आधी हे लिहितो, नाईतं इसरीन.

काय तो थाट! मांडव, खुर्च्यायले पांढरे कपडे, माईक. रोडग्यायले माईक! अन् रोडगे कशात भाजून राहिले, तं मशिनीत. गॅसच्या. आचारी नागपूरचा, टोपीवाला. मी इहीनबाईले म्हनलं, "अवो, गोवऱ्या कुठी?" तं म्हने, "धूर होते जी, पावन्यायच्या कपड्यायले वास लागते." मारोतीचा रोडगा अन् धुराचा वास नको! बटाट्यावानी पांढरे पांढरे गोळे निघाले. मारोतीपुढं ठेवले तेव्हा मलेच लाज वाटली.

डॉक्टरनं पाह्यलं. बूट काढले, गड्याच्या झोपडीमांगून गोवऱ्या आनल्या, इहिरीपाशी बांधावर निखाऱ्यायचा अहार लावला. पिहू राखेनं भुतावानी झाली. उरलेली कनिक घेऊन आमी दोघी बसलो वळाले. घंटाभरात मांडव खाली अन् बांध भरला. वकील, मास्तर, सगळे हातावर रोडगा फोडून तूप मांगून राहिले. तो टोपीवाला बी! मी चार खाल्ले. वांग्याची भाजी बरी होती, तेवढं खरं लिहा लागते.

मंग इवायानं माईक घेतला अन् कपड्यात गुंडाळलेली पाटी काढली. डॉक्टरचं नाव, सोनेरी. टाळ्या. डॉक्टर हासला फक्त. मले ठाऊक हाय ते हासनं, लहानपनी दूध सांडलं की असाच हासे.

पन एक गोष्ट झाली. इवाई मांडवातून इहिरीपर्यंत पायी निघाले, आमचा अहार पाहाले. शंभर पावलं नाई, अन् बांधावर बसले. तोंड पांढरं. "बूट चावते," म्हने. डॉक्टर बाजूले जाऊन बसला, त्याईचा हात धरला, म्हने, "बाबा, तिकडं तारेवर पहा, नीलकंठ." इवाई पाहून राहिले तारेकडं, अन् हा मनगट धरून घड्याळाकडं. लहान पोरायले असंच फसवते दवाखान्यात. मी वळखलं. वैशालीनं बी वळखलं, तिच्या हातातली तुपाची वाटी वाकडी झाली.



१९ जाने.

झोप नाई आली बरोबर. त्याईच्या नवसाचे चार रोडगे माह्या पोटात. परसाद खाल्ला म्हंजे मी बी त्याईच्यात आली का? मशिनीतला एकबी नाई खाल्ला, आमच्या अहारातलेच. पन कनिक त्याईचीच.

सकाळीच आमच्या गल्लीतल्या मारोतीले गेली अन् बोलली: डॉक्टर अठीच राहू दे, तुले रोडगे देतो, गोवऱ्यावरचे, धुराचे. अन् काम झाल्यावर देईन. आमच्यात अशीच रीत हाय.

आता तो बिचारा मारोती बी दोन्हीकडून अडकला.

२१ जाने.

वलगावच्या म्हातारीच्या लेकानं पोतंभर गोवऱ्या आनून देल्या, गच्चीवर रचल्या. आजकाल अशा गोवऱ्या भेटत नाईत. पिहू म्हने, "आजी, हे कायले?" म्हनलं, पाखरायले घर.

२३ जाने., शुक्र.

आज बोलली. वैशाली तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती, मी बी बसली.

"तुले काय पाहिजे वो? अठी का तठी?"

तिचे हात थांबले. म्हने, "आई, हे आज पयल्यांदा कोनी इचारलं."

खरं हाय. तिच्या बापानं नाई, आईनं नाई. अन् मी? मी तं मारोतीले जाऊन आली, पन सुनेले इचारलं नाई. लिहाले बरं नाई वाटत, पन लिहून टाकतो.

मंग म्हने, बाबाची छाती चांगली नाई, डॉक्टर सांगून राहिला तपासनी करा, बाबा आयकत नाईत. जवाई जवळ आला तं आपोआप बरं होईल असं त्याईले वाटते. दवाखाना बांधला तो आपल्या छातीसाठीच असंन, पन तोंडानं कसं सांगतीन. मी म्हनलं, एवढाले तीन मजले बांधले, पन एक शब्द नाई बोलता आला? अ.वा. ते अ.वा.च.

"मंग तू काय म्हनते?"

"रविवारी बाबाले पाहून येतो, मंग सांगतो."

शेंगा सोलून झाल्या, तरी बसूनच होती.

२५ जाने., रवि.

पाटी लागली: "डॉक्टर जंगलात." पन गाडी पोहऱ्याकडं नाई, बडनेऱ्याकडून अकोल्याकडं गेली. तिघंबी. पिहूनं दुर्बीन घेतली, आबाले नीलकंठ दाखवते म्हने. डॉक्टरनं बी.पी. ची मशीन घेतली. दशम्या मी देल्ल्या, इवायासाठी बी, बिनातेलाच्या.

दुपारी इहीनबाईचा फोन. आवाज बारीक. हे दोघं इवायाले तपासाले घेऊन गेले म्हने, इवाई गुपचूप गेले, भांडले बी नाई.

मंग म्हने, "इहीनबाई, नवस चुकला जी आमचा. मशिनीतले रोडगे मारोतीनं घेतले नाईत. पुन्हा करतो, गोवऱ्यावर. पन अठी गोवऱ्या भेटून नाई राहिल्या. पिहू सांगत होती, तुमच्या गच्चीवर पोतंभर हाय. देसान का?"

नवस कोनता, इवायाच्या तब्येतीचा का डॉक्टर येन्याचा, तेवढं इचाराचं राहिलं. तोंडून निंघालं, "विचार करतो."

"मंग शुक्रवारी गाडी पाठोतो जी," म्हने, अन् फोन ठेवून देल्ला.