सहाची बेल

३ मार्च, सकाळी
पोपटाने छातीवरची पिसं कुरतडली. पिंजऱ्याखाली नुसता हिरवा कचरा. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, मावशी, आजार नाही, ह्याला ताण आहे. घरात काही बदललं का? म्हटलं, काही नाही. हे गेले त्याला चार महिने झाले, बाकी सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी पंख उलगडून पाहिले. मग म्हणाले, पंखांपर्यंत पोचला तर दुसऱ्या घरी ठेवून बघावं लागेल.
मला स्वतःला ताण वगैरे नाही.

४ मार्च
वाचनालयातून पक्ष्यांवरचं पुस्तक आणलं. हे छापखान्यातून बिघडलेली पानं आणायचे, त्यांवर मी वाचायला शिकले. म्हणून कुठलंही पुस्तक मधूनच उघडायची सवय. पान ६१: पक्ष्याचा दिनक्रम मोडू नये. पुस्तक मिटलं. उपाय सापडला.
हे रोज सहाला यायचे. दोनदा बेल, एकदा खोकला, आणि "आलो, उघड गं!" पोपट आतून तेच म्हणायचा, अगदी ह्यांच्याच आवाजात. उद्यापासून बेल मी वाजवणार.

५ मार्च
किल्ली कमरेला खोचली. ह्यांच्या चपला घातल्या, पावलांचा आवाज तोच हवा. बेल, बेल, खोकला. आतून, आलो, उघड गं! दाराशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, उघडणारीही मीच.
पोपटाने माझ्या मागे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पोटावरची पिसं धरली. सुरुवातीला असं व्हायचंच.

९ मार्च
शेजारीण विचारते, काकू, घरात कोणी नसताना बेल कोणासाठी? म्हटलं, पोपटासाठी. म्हणाली, मग उघडतो का तो? काहींना शास्त्र कळतच नाही.
खोकला अजून जमत नाही. सराव चालू.

१३ मार्च
पिंजरा चार ठिकाणी हलवला. पडदे बदलले, पुन्हा जुनेच लावले. कपाट आवरायला काढलं, तसंच राहिलं. पोपटाला एका जागी करमत नाही, दुसरं काय. साडेपाचपासूनच चपला घालून बसले होते.
डाव्या पंखाची दोन पिसं गेली.

१४ मार्च
नणंदेचा फोन. वहिनी, तुमचं ऐकायची नाही, पुढच्या रविवारी येऊन पोपट घेऊन जाते. तुम्हीही चला चार दिवस. म्हटलं, मला काय धाड भरलीय? आणि पोपट देणार नाही. ह्यांच्या आवाजात बोलणारं घरात तेवढंच एक आहे. म्हणजे, त्याला परक्या घरी करमणार नाही, म्हणून.

१५ मार्च
पुस्तक परत करायचं, म्हणून पुढचं पान वाचलं. पान ६२: मात्र जो माणूस येणार नाही, त्याची चाहूल देऊ नये. पक्षी वाट पाहतो आणि स्वतःलाच कुरतडतो.
हे ६१ वरच छापायला काय झालं होतं?
बेल आजपासून बंद. चपला माळ्यावर.

२२ मार्च
नणंद आली. पिंजऱ्याभोवती फिरून फिरून पाहिलं. आठवड्यात एकही पीस पडलेलं नाही. चहा पिऊन हात हलवत परत गेली. जाताना म्हणाली, पोपट सुधारला, वहिनी. तुमचं काय? बोलायला काहीतरी हवं माणसाला.

६ एप्रिल
छातीवर नव्या पिसांची टोकं. सफरचंद खाल्लं, शीळ घातली. सहा वाजले तरी दाराकडे पाहिलं नाही.
सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर गेले. बंद राहिल्याने बेल बिघडते, असं कुठेसं वाचलं होतं. चपला माळ्यावरून कालच काढल्या होत्या, पुसायला म्हणून. बेल, बेल, खोकला. खोकला आज हुबेहूब आला.
आतून काही नाही.
थोडा वेळ थांबले. पुन्हा वाजवली. शेवटी किल्लीने दार उघडलं. पोपट मान पिसांत खुपसून गाढ झोपला होता.
पोपट बरा झाला. बेलही चालू आहे.