खुर्ची, कात्र्या आणि न मेलेले गणितज्ञ

देवाचे स्मरण करून लिहितो. वय एकोणपन्नास, धंदा केस कापण्याचा. उद्या छातीचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. याबाबत थोरल्या भावाचे मत वेगळे असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझ्या पश्चात राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. दुकानातला मोठा आरसा भावाला. दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावे, असे त्याच्या फार मनात आहे. "पोरं इथे केस कापायला येतात की शाळेत?" असे तो गिऱ्हाइकांदेखत विचारतो. खुलासा: लहान मूल खुर्चीत स्वस्थ बसत नाही, म्हणून कात्री चालवताना मी थोर गणितज्ञांची चरित्रे सांगतो. केस संपले की गोष्ट थांबते.

३. भावाच्या मुलाचा मी कान कापला, हा आरोप फुगवलेला आहे. गोष्टीत वाळूत वर्तुळे काढणाऱ्या म्हाताऱ्या गणितज्ञावर सैनिकाने तलवार उपसली, पोरगा दचकला, ओरखडा उठला. कान जागेवर आहे. बापाच्या कानासारखाच, ऐकत मात्र नाही. तेव्हापासून कुठलीच गोष्ट मी मरणापर्यंत नेत नाही; ती तलवार वरच ठेवली. द्वंद्वाला निघालेला विशीतला तरुण अजून वाटेतच आहे. डोळे गेलेला तोंडी हिशेब करतोच आहे. परिणामी, गणितज्ञ मरत नाहीत अशी गल्लीतल्या पोरांची खात्री झाली. एकाने शाळेत मास्तरांना विचारले, "ते राहतात कुठे? भेटायचंय." मास्तर तावातावाने दुकानात आले आणि दाढी करून गेले.

पत्नी म्हणाली, "अहो, देव सगळ्यांना नेतो. तुमच्याच दुकानात सूट कशी?"

म्हटले, "त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे."

४. दुकान, खुर्ची, पोरांना बसवायची फळी व सर्व कात्र्या मुलीला. ती माझ्याहून सफाईने कापते. अट एकच, गोष्टी बंद पडू नयेत. काल तिने विचारले, "बाबा, तुम्हाला काही झालं तर पोरांना काय सांगू? तुम्हीही वाटेतच आहात म्हणू?" मी हसण्यावारी नेले. उत्तर इथे देतो.

परत आलो, तर हा कागद फाडावा. नाही आलो, तर पोरांना फळीवरून खाली उतरवावे, कात्री खणात ठेवावी, आणि आधी त्या म्हाताऱ्याचा शेवट सांगावा. मग माझा.

सही: केस कापणारा
साक्षीदार: गणिताचे मास्तर, शेजारचा शिंपी. तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.
ठिकाण: दुकान, आरशासमोर
दिवस: सोमवार, दुकान बंद