एडविन ऑग्डनच्या दगडावरचं नाव

मी, शार्दूल एकनाथ घाटोळे, वय सव्वीस, जन्म नागपूर, दहाव्या वर्षापासून अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया, सध्या मुक्काम फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, काम दफनभूमीत गवत कापण्याचं. परवा अलास्काला मासेमारीच्या बोटीवर निघतोय. तिथल्या समुद्राबद्दल जे ऐकलंय त्यावरून हे लिहून ठेवलेलं बरं. डोकं ठिकाणावर आहे, ताप नाही, प्यायलेलो नाही, आणि असं लिही म्हणून मागे कुणी उभं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. सगळी व्यवस्था माझी मोठी बहीण चैत्राली हिने पाहावी. ताई, तू नर्स आहेस, वकील नाहीस, पण आपल्या घरात हातात घेतलेलं पुरं करणारी तू एकटीच.

२. माझी व्हॅन, आतल्या पलंगासकट, ताईची. मागचं दार आतून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. हिच्यातून मी मोंटानापर्यंत गेलो, तिथे एका अस्वलाने माझा कुकर पळवला, पण ते राहू दे.

३. कानस, कात्र्या, पाने, सगळी हत्यारं प्रथमेशला. त्याच्या गॅरेजमध्ये मी राहतो. तो पीएचडी करतोय आणि त्याला स्क्रू पिळता येत नाही. खांद्यावरून वाचून आत्ताच म्हणाला, "यार, हे मृत्युपत्र आहे की माझी बेइज्जती?" दोन्ही.

४. हे कलम मोठं आहे. दफनभूमीच्या पूर्वेच्या कुंपणाशी एक जागा आहे, तिच्यावर दगड नाही. दोन उन्हाळे मी तिच्यावरचं गवत कापलं. रजिस्टरात नाव जॉन हॉल, गिरणीत माग दुरुस्त करणारा, मृत्यू १९३८. त्याची नात डोरोथी हॉल, वय चौऱ्याऐंशी, दर रविवारी घडीची खुर्ची घेऊन तिथे येऊन बसते. तिने मला आजोबांची पत्र्याची पेटी दाखवली. आत खिळ्यांचे फुटबॉलचे बूट आणि इंग्लंडमधल्या एका क्लबचा फोटो. मागे शाईने त्यांचं खरं नाव लिहिलेलं, एडविन ऑग्डन.

शाळा-कॉलेजात मी कधी धड बसलो नाही, पण या माणसासाठी लायब्ऱ्या पालथ्या घातल्या. ऑग्डन लँकेशायरचा, विणकराचा मुलगा. डाव्या कडेने धावायचा, एकविसाव्या वर्षी पहिल्या संघात. एका वार्ताहराने लिहिलंय की चेंडू पायाशी असताना त्याला वाऱ्याचं भान नसायचं, नसताना तो हात खिशात घालून उभा राहायचा. हा माणूस मला तिथेच आवडला. १९१३च्या एप्रिलमध्ये त्याने एक पेनल्टी बाहेर मारली. उन्हाळ्यात चौकशी झाली, सामना विकला असं ठरलं, आजन्म बंदी आली. तो बोटीने इथे आला, जॉन हॉल झाला आणि गिरणीच्या संघातून बारा वर्षं खेळला. गोल भरपूर केले. पेनल्टीच्या वेळी मात्र पाठ फिरवून उभा राहायचा.

मला तो निर्दोष ठरवायचा होता. मग पेटीच्या तळाशी एक न टाकलेलं पत्र निघालं, आईला लिहिलेलं. "ती मी मुद्दाम बाहेर मारली." कारण दिलेलं नाही.

दगड मी घडवून घेतलाय. नाव कोरायचं राहिलंय. 'एडविन ऑग्डन, फुटबॉलपटू' असंच कोरावं. त्यासाठी दफनभूमीच्या फॉर्मवर वारस म्हणून डोरोथीची सही लागते आणि ती देत नाही. म्हणते, "या गावाने हॉलला जीव लावला. त्या दुसऱ्याला कशाला उठवतोस?"

"तो दुसरा नाही. धावणारे पाय तेच होते."

"तू फार बोलतोस. गवत काप."

ताई, मी नसलो तर तू तिला विचारत राहा. दगड दुसऱ्या नावाने उभा करू नये.

५. अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला मिळालेली शाल आणि काचेचं स्मृतिचिन्ह ताईने मंडळाचे सेक्रेटरी श्रीरंगकाका यांना परत करावं. काकांनी माइकवर "आपला शार्दूल, मेकॅनिकल इंजिनिअर!" म्हटलं आणि मी हात जोडले. कॉलेज मी तिसऱ्या सेमिस्टरलाच सोडलं होतं. आपल्या दिवाणखान्यातल्या फोटोत मी घातलेला पदवीचा गाउन मित्राचा आहे. बाबा, हे तुम्हाला माझ्या पश्चात कळावं अशी इच्छा.

६. इथपर्यंत डोरोथीला साक्षीसाठी, प्रथमेशला सोबत घेऊन तिच्या स्वयंपाकघरात, इंग्रजीतून वाचून दाखवलं. साक्षीदाराला काही मिळालेलं चालत नाही म्हणे, पण तिला मी काही ठेवलेलंच नाही. हत्यारांमुळे प्रथमेश बाद, म्हणून दुसरी साक्ष शेजारच्या नैनामावशींची. डोरोथीने चष्मा काढला. "म्हणजे माझ्या आजोबांनी साऱ्या गावासमोर उघडं पडायचं आणि तू मेल्यावर चिठ्ठी पाठवणार?"

प्रथमेश हसला. मी नाही हसलो. तिच्या स्वयंपाकघरातूनच बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला.

"शाल चैत्रालीने का परत करायची? तुला पाय नाहीत?"

"आहेत, बाबा."

"मग ये. श्रीरंगला तू सांगायचंस. मी शेजारी उभा राहीन. तुझ्या वतीने एक शब्द बोलणार नाही."

सबब कलम ५ रद्द. बोटीवरून उतरलो की गणपतीत थेट अ‍ॅशबर्न. कलम ४ जसंच्या तसं कायम.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि दोघींच्या देखत सही केली.

स्थळ: डोरोथीचं स्वयंपाकघर, फॉल रिव्हर
दिनांक: ३ जून २०२६
सही: शार्दूल एकनाथ घाटोळे

साक्षीदार १: नैना रवी बोंद्रे
साक्षीदार २: डोरोथी ऑग्डन

(कागदोपत्री डोरोथी हॉल. सही तिने आपणहून अशी केली, आणि पेन हातातच ठेवून दफनभूमीचा फॉर्म मागितला.)