साहेबांची बस

३ तारीख, सोमवार
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बबडीची छाती घरघरत होती, मी तिचे श्वास मोजत बसले. मागच्या मळ्यात काल परत फवारणी झाली. खिडकीला ओली चादर लावली तरी वास घरात. तिचे बाबा लांब कामावर. पण आता काळजी नाही. खासदारसाहेबांना पत्र टाकलंय. मोठ्या दवाखान्याकडे जाणारी, बंद पडलेली बस, फवारणी, नाल्याचं पाणी, सगळं एका पानावर.

६ तारीख
साहेब संसदेत बोलले! शिवणवाल्या काकूंनी मोबाइलवर दाखवलं. बस, शेती, पाणी, तिन्ही! विजेवरच्या बस हव्यात म्हणाले, धूर नको. "एका आईनं मला लिहिलंय," असंही म्हणाले. मीच की ती! सगळ्यांनी बाकं वाजवली. एवढ्या मोठ्या माणसांनी वाजवल्यावर बस न येऊन जाते कुठे?
साहेबांच्या ऑफिसात फोन केला. सोमवारी मंत्र्यांचं उत्तर येणार म्हणे. म्हणजे सोमवारी बस.

७ तारीख
दादा आला, दुधाचा टेम्पो घेऊन. म्हणाला, चल, पोरीला आत्ताच मोठ्या दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, तुझ्या टेम्पोत धूळ खात कशाला, तीन दिवसांत बस येतेय. तो म्हणाला, "अगं बये, भाषणाला चाकं असतात का?" मी म्हटलं, तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही. घोटभर पाणीही न पिता गेला. जाऊ दे. आम्हाला बसमधून उतरताना बघेल तेव्हा कळेल.

८ तारीख
काकू म्हणतात, मागच्या वर्षीच्या भाषणातसुद्धा ती आई होती. मी तर तेव्हा पत्रच लिहिलं नव्हतं. दुसरी असेल. आया काय कमी आहेत?
बबडी दूध घेत नाही.

१० तारीख, सोमवार, दुपार
सकाळपासून हायवेच्या स्टॉपवर. घर तासभर मागे. बबडीला साहेबांचं भाषण पाच वेळा दाखवलं. काकूंचा मेसेज आला, मंत्री म्हणाले विचार चालू आहे. नाही तर म्हणाले नाहीत ना? परत भाषण लावलं आणि मोबाइल बंद पडला. चार्जिंग संपलं.

तीन वाजून गेले असतील
बबडी रडायची थांबली. रडत होती तेच बरं होतं. ओठ निळे दिसतात. सावलीमुळे असेल.
उन्हात नेऊन बघितलं. सावलीमुळे नाही.
दोन ट्रकना हात केला, थांबले नाहीत. बस येत नाही. येणारच नव्हती.
मी हिला घेऊन दवाखान्याकडे चालत निघाले. वही बाकावर ठेवते, वर दगड. ज्याला सापडेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर पहिल्या पानावर आहे, मोठ्या अक्षरात. त्याला सांगा, मी हायवेनंच चाललेय, टेम्पो घेऊन ये. सांगा, चुकलं माझं.
मधलं काही वाचत बसू नका. आधी फोन करा.