शेजारच्या शाळवातला घारीचा पतंग उतरवण्याबाबत

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत चिंचमाळ, जि. कोल्हापूर

विषय : शेजारच्या शाळवातील घारीच्या आकाराचा पतंग तातडीने उतरवण्याबाबत.
संदर्भ : माझे दि. १३ व २७ जानेवारीचे अर्ज.

महोदया,

मी खाली सही करणार सोनूबाई बाबासो धनवडे. माझ्या घरी अकरा कोंबड्या होत्या, आता दहा आहेत. त्याचे कारण सविस्तर मांडते.

१) माझ्या घरामागच्या परड्याला लागून निवृत्त चित्रकला शिक्षक श्री. अण्णाप्पा चौगुले यांचा शाळू आहे. पाखरे कणसे खातात म्हणून जानेवारी लागताच त्यांनी घारीच्या आकाराचा काळा पतंग करून बांधावरच्या खांबाला बांधला. वारा असला की तो दिवसभर माझ्या परड्यावर घिरट्या घालतो. पाखरे शाळू खातातच. माझ्या कोंबड्या मात्र कॉटखाली जाऊन बसल्या आणि अंडी घालायच्या बंद झाल्या.

२) बोलायला गेले तर मास्तरांनी मला पतंगाचा इतिहास सांगितला. चीनमध्ये पतंग उडवून शत्रूला भिववत, मलाया मुलखात भातावर पतंग सोडून पाखरे हाकलत, कुठल्याशा बेटावर पानाच्या पतंगाला गळ लावून मासे धरतात. अर्धा तास मी उन्हात उभी. शेवटी मीच म्हणाले, "मास्तर, माझ्या कोंबड्या शत्रू न्हाईत आणि मासे बी न्हाईत." त्यावर त्यांचे उत्तर, "फरक तुमच्या कोंबड्यास्नी कळंना, त्यात माझा काय दोष?"

३) पहिल्या अर्जावर ग्रामसेवक दोन पंच घेऊन आले. त्या दिवशी वारा नव्हता, पतंग बांधावर पडून होता. "कोंबड्या आनंदात फिरत आहेत" असे लिहून गेले. दुसऱ्या अर्जावर आले तेव्हा वारा होता. "जागेवर कोंबड्या आढळून आल्या नाहीत" असे लिहिले. कॉटखाली वाकून बघा म्हटले, तर दोन्ही पंचांची कंबर धरलेली.

४) मग आपण मध्यस्थी करून पतंगावर तांबड्या अक्षरात "ही घार नाही" असे लिहायला लावले. मास्तरांचे अक्षर सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या कोंबड्या साक्षरता वर्गाला गेलेल्या नाहीत.

५) तरी पंधरा दिवसांत त्या आपोआप सरावल्या. वर पतंग आणि खाली या खुशाल उकिरडा उकरतात. अंडीही सुरू झाली. मी दोन्ही अर्ज मागे घेणार होते.

६) परवा मंगळवारी दुपारी वर घिरट्या सुरू झाल्या. आमच्या ठिपकीने मान वर करून बघितले आणि परत उकरू लागली. मीही बघितले आणि तांदूळ निवडत बसले. वरती काहीच लिहिलेले नाही हे माझ्या ध्यानात येईतोवर घार ठिपकीला घेऊन गेली. ठिपकी माझ्या हातावरचे दाणे खायची. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

तरी विनंती की, कोंबड्या भितात ही माझी आधीची तक्रार रद्द समजावी. आता कोंबड्या भीत नाहीत, ही तक्रार दाखल करून घ्यावी आणि पतंग आजच्या आज उतरवावा. गावातल्या सगळ्या घारींवर लिहून घेणे मास्तरांना जमणार नाही.

आपल्याच वॉर्डातली, नम्र,
सोनूबाई बाबासो धनवडे
दि. २०/२/१९९७

सोबत :
१) दोन्ही पंचनाम्यांच्या नकला.
२) ठिपकीचे पीस, एक. काम झाल्यावर परत मिळावे.