गवताची बाग

ती. अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे वळत असतील आणि दाजींचं घोरणं अजून भिंतीपलीकडे पोचत असेल, असं धरून चालतो. (फोनवर तू आधी नाही म्हणतेस आणि मग ऐकतेस, म्हणून हे पत्र.) आई ठणठणीत आहे. मी नाही, आणि त्याला कारण नकाशा.

आपल्या घरासमोर रस्त्याला फाटा फुटतो, तिथला तो तिकोनी तुकडा आठवतो ना? एक झाड, जेमतेम गवत आणि संध्याकाळी खुर्ची टाकून बसलेली आई. तर रस्तेखात्याचा साहेब आला आणि म्हणाला, नकाशात इथे नुसतं 'गवत' आहे, म्हणजे जागा रिकामी. फरशा घालून गाड्या लावायची सोय करणार. 'बाग' असती तर हात लावला नसता. आता हा नकाशा इंटरनेटवरचा, कुणीही दुरुस्त करावा असा. मी बसल्या बैठकीला गवताची बाग करून टाकली आणि आईसमोर जरा मिरवलोही.

सकाळी बघतो तर पुन्हा गवत. 'काटकोन' असं टोपणनाव घेतलेला कुणी गृहस्थ (राहतो भलत्याच खंडात, इकडे कधी फिरकलेला नाही) माझी दुरुस्ती पुसून लिहितो, बागेला बाक लागतो. बाक कुठून आणू? बैठकीतला सोफा नेऊन ठेवला. तो दारातून निघेना, म्हणून आधी दार काढलं. फोटो पाठवला, तर म्हणे बागेला फाटकही लागतं. दार रिकामंच होतं, ते दोन खांब रोवून तिथे बसवलं. कुंपण नाही, चहूबाजूंनी मोकळं, तरी लोक शहाण्यासारखे दार उघडून आत जातात आणि निघताना लोटून घेतात. शेजारचे मास्तर तर कडी लागलेली दिसली की बाहेर उभे राहून आईला हाका मारतात. घराचा नंबर दारावरच असल्यामुळे आपली पत्रंही तिथेच पडतात. उलट परवा एक कुटुंब बाग समजून सरळ आपल्या स्वयंपाकघरात आलं. आईने त्यांना चहा दिला. मला विचारलंही नाही.

बाकी सगळं जागच्या जागी आहे, सोफा आणि दार सोडून.

तुझा भाऊ
(आईच्या भाषेत: रिकामटेकडा)

ता. क. खरं पत्र इथून पुढे. काटकोनाची आता शेवटची अट आहे: परगावाहून कुणीतरी केवळ तिथे बसायला आलं पाहिजे, फोटोसकट. त्याला आई चालत नाही, ती घरची. फरशीवाले पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी येणार आहेत. तू त्याच्या आधी ये. दरवेळी 'बघते' म्हणतेस, तसं या वेळी म्हणू नकोस.

पुन्हा ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाग गेली तरी चालेल, मी फरशीवर खुर्ची टाकीन. पण आलीच तर फोटो काढून लगेच पळू नकोस म्हणावं." तेव्हा चांगली चार दिवस राहा. तुझी झोपायची सोय सोफ्यावर केली आहे. रात्री दार तेवढं आठवणीने लावून घे.