भोंग्यातली आजी

हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. जागृतीले तिच्या आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळे बरे आहेत, तूही बरी असशील. ही ओळ तुझ्या आईनं टाकली. सांगणारी मी, लिहिणारी ती. म्हणते, पत्र असंच सुरू करावं लागते. मी म्हटलं, सुलोचना, मग सगळं तूच लिही, मी जाते शेंगा सोलायले. तेव्हा कुठं गप बसली.

तू बरी नाईस हे मले माहीत आहे. नागपूरच्या क्लासमधल्या सरांनी तुझा अक्षरांचा खेळ पाहिला आणि म्हणाले, असे खेळ मोबाइलवर ढिगानं पडले आहेत. आता तू म्हणते, पोरांसाठी खेळ बनवायचं सोडते आणि कापडाच्या दुकानात बिलं फाडायले बसते. बस. पण आधी माझं ऐकून घे.

तुझा खेळ आम्ही अंगणवाडीत लावून पाहिला. तुझी आई तिथं मदतनीस, तिच्यामागं मीही गेली. बकरीच्या चित्राले बोट लावलं की तुझी कम्प्युटरवाली बाई म्हणे, ब बकरीचा. किती गोड बोलते ती. बरोबर आलं तरी गोड, चुकलं तरी गोड. हिरालालचा नातू मुद्दाम कपाले बोट लावे आणि ती दरवेळी म्हणे, "छान प्रयत्न." शेवटी तो कंटाळला, मोबाइल ठेवून मातीत खेळायले गेला. मी जवळ जाऊन त्याच्या कानाशी म्हटलं, "मुडद्या, बकरी ओळखत नाईस, अन् सकाळी दूध कोणाचं पेला?" तो हसला, परत आला, नीट बोट लावलं.

मी दुरून काऊन नाई ओरडली, हे तू विचारशील. सांगते. जरा दम घेऊ दे.

वावरात तुझा भोंगा अजून आहे. आठवते ना, तू कम्प्युटर शिकायले लागली तेव्हाचं तुझं पहिलं काम. मी मचाणावर बसून रानडुकरं हाकलत होती, तू माझा आवाज मोबाइलमध्ये धरला आणि भोंग्यात टाकला. तेव्हा मी तुले सांगितलं होतं, एकाच चालीनं ओरडलं की डुकरांले समजून जाते, मग ती येऊन आरामात खातात. तू काय लिहिलं कोण जाणे, पण तो भोंगा कधी लगेच ओरडे, कधी वाट पाहायले लावे. डुकरं फसली. मचाणावर पाहुणा आला असता तर तोही पळाला असता.

आता दिवस मावळला की मी अंगणात बसते आणि वावरातून मीच ओरडते. हाऽऽय, हुर्र, निघ तिथून. परवा तुझ्या आईले म्हटलं, पाह्य, कशी खणखणीत आहे ती बाई.

माझं तसं राह्यलं नाई, जागृती. पोळ्यापासून आवाज बसला. मले वाटलं, सर्दी. म्हणून यंदा दीक्षाभूमीलेही आली नाई, तुले गुडघ्याचं निमित्त सांगितलं. तू परीक्षेपायी दिवाळीत आली नाई, तेही बरंच वाटलं. खेळासाठी तू माझ्या आवाजात शब्द मागितले, ते पाठवले नाई. फोनवर येत नाई, त्याचं कारणही हेच. पत्रातला आवाज कोणाले ऐकू येत नाई.

सेवाग्रामले नेलं. घशात नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई पोरीसारखी, माझा हात धरून बोलली. आवाजाची पेटी काढावी लागते म्हणाली. जीव राहील, आवाज नाई राहणार. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरती व्हायचं आहे.

तुझी आई थांबली आहे. कागदावर कुठं डाग दिसला तर तो तिचा समज, माझा नाई.

मग डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, घाबरू नका. नंतर पाटीवर लिहून सांगत जा."

मी हसली. तुझ्या आईनं खाली मान घालून सांगितलं, यांना अक्षर येत नाई. आजवर अंगठ्यानं काम भागलं, कारण तोंड होतं. सातबाऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांले मी तोंडानंच सरळ केलं. आता तोंडही चाललं. मले तिथं पहिल्यांदा भीती वाटली. मरायची नाई. जिवंत राहून गप बसायची.

घरी येताना तुझी बकरी आठवली.

चित्राले बोट लावलं की बोलते ना? मग माझ्यासाठी तसंच कर. बकरीच्या जागी माझं घर टाक. कपाले बोट लावलं की माझा आवाज म्हणो, "सुलोचना, चहा आज देशील का उद्या?" एक पाण्याचं, एक गोळीचं, एक खूप दुखते म्हणायचं. तुझ्या बापासाठी एक शिवी. ती तुझी आई लिहायले तयार नाई, तोंडी सांगीन.

आवाज घोगरा आहे, तसाच ठेव. भोंग्यातली बाई त्यात घालू नको. तिले डुकरांशी बोलता येते. घरच्यांशी मले बोलायचं आहे.

आणि अक्षरांचा खेळ सोडू नको. दवाखान्यातून आल्यावर मले दुसरं काय काम? ब बकरीचा मी शिकीन. पण चुकल्यावर ती गोड बाई आली तर मोबाइल विहिरीत टाकीन. तिथं माझाच आवाज लाव. माझ्या चुकीले मीच बोलीन.

शनिवारी सकाळी येजो, शेजारच्या अंकितले सेलूले गाडी घेऊन पाठवते. सकाळी घसा थोडा मोकळा असते, दुपारपर्यंत नुसती हवा राहते. हे पत्रही दोन सकाळी मिळून सांगितलं. आता शनिवारपर्यंत कोणाशी भांडणार नाई. उरलेलं सगळं तुझ्यासाठी राखून ठेवते.

अजून बोलती असलेली,
तुझी आजी
रामबाई